गेला नावाचा मुलगा

इथे एका मुलाचं नाव गेला आहे.
हसू नका. जॉर्जियन भाषेत ते लांडग्यावरून येतं,
आणि तो सोळा वर्षांचा आहे, पुढचे दात तसेच.

पहिल्या रात्री आईला फोनवर सांगितलं,
कॉलेजला सुट्टी, खातुनाच्या गावी आलेय डोंगरात,
शेजारी गेला आहे, त्याच्या दोन्ही किडन्या—
आईने मध्येच विचारलं, कधी?

कधी नाही गं. आहे.
मंगळवार, गुरुवार, शनिवार आहे.

मशीन खालच्या शहरात. चार तास सुया टोचून घ्यायच्या.
मधे ऐंशी किलोमीटर, त्यातली वरची सतरा वळणं
नोव्हेंबरपासून बर्फाची.
सरकारी यंत्र येतं, कधी येतं,
कधी त्याचं डिझेल संपतं.
म्हणून दुकानवाल्या फातीने साबणाचं खोकं फाडलं,
पुठ्ठ्यावर चौदा घरं लिहिली, घराला एक वळण.
उरलेली तीन देवळाला,
म्हणजे एकट्या पाद्र्याला, आणि तो गुडघ्याने अधू.

बिमुर्झा आणि चिचिको सख्खे भाऊ,
एका कुंपणावरून बावीस वर्षं अबोला.
फातीने मुद्दाम लागून-लागून वळणं दिली.
पहाटे चारला एक वरून उपसत येतो, एक खालून.
मधे फावडी भिडतात, खण्ण.
कोणी बोलत नाही.
चिचिको सिगारेटचं पाकीट बर्फावर ठेवतो
आणि पाठ फिरवतो.
उजाडल्यावर पाकीट तिथे नसतं.

मला वाटलं होतं, इथे माझा उपयोग होईल.
चौथ्या वर्षाला आहे, पोटॅशियमचा तक्ता तोंडपाठ.
म्हातारी दारेजान मला शेगडीपाशी नेऊन दाखवते:
बटाटे चिरायचे, उकळायचे, पाणी फेकायचं,
नवं पाणी, पुन्हा उकळायचे, पुन्हा फेकायचं.
बटाट्याशिवाय इथे उगवतं काय?
पण तो तुमचा कोण, मी विचारते.
पोरगा आहे, ती म्हणते,
भूक लागली की कुठल्या दारात शिरेल, काय सांगावं.
म्हणून चौदाही घरांत हेच,
अळणी, पाणचट, दोन वर्षं झाली.
त्या पाण्यावर गावची डुकरं मात्र बाळसं धरून आहेत.

गेला चिडतो. फार चिडतो.
मी काय सोडलेला वळू आहे, म्हणतो,
गावाने मिळून पोसायला?
एकदा तो पुठ्ठाच शेगडीत घातला.
फातीने निमूट दुसरं खोकं रिकामं केलं.
एकदा छपराखालची हातभर बर्फाची कांडी तोडून
कडाकडा चावली, सगळ्यांसमोर,
तहान लागली म्हणून.
त्याला दिवसाला मोजून पाणी. कोणी काही बोललं नाही.
आई आत गेली, वहीत लिहिलं:
अंदाजे तीनशे मिली.

गाडी निघते. एक वळण पार झालं
की तिथला माणूस खालच्याला ओरडतो, गेला!
तो त्याच्या खालच्याला, गेला!
असं सतरा वेळा, दरीभर.
मी दारात उभी, दर वेळी अंगावर काटा.

संध्याकाळी तीच हाक खालून वर.
तेच अक्षर. जवळ जवळ येत जाणारं.
खातुना विचारते, तुमच्या भाषेत याचा काही अर्थ होतो का?
मी म्हणते, होतो.
येतोय.

काल पाद्र्याचा गुडघा सुजला.
फातीने पुठ्ठ्यावर सोळाव्या वळणापुढे खोडलं,
गोल गोल अक्षरांत काही लिहिलं.
मला वाचायला वेळ लागला:
माझंच नाव, एक अक्षर चुकलेलं.
फावडं दारेजानचं, दांडा आखूड.
उद्या गुरुवार.