पन्नासची पेटी, विसाची पेटी

मंगळवारी दुकानात चिटपाखरू नसतं.
टोलेडोत मार्च म्हणजे रस्त्याकडेला काळवंडलेला बर्फ
आणि काउंटरच्या काचेवर माझ्या कॉफीचं गोल वळ.
ती आली तेव्हा मी ते बाहीनं पुसत होतो.

विल्मा कोस्टेकी. लॉन्ड्रोमॅटमध्ये रात्रपाळी,
अंगाला धुण्याच्या पावडरीचा वास,
नखं पार मुळापर्यंत कापलेली.
पिस्तूल मागच्या आठवड्यात माझ्याकडूनच नेलेलं.
"गोळ्या हव्यात," म्हणाली,
औषधाच्या दुकानात म्हणतात तशी.
"कशावर?" मी विचारलं.
ती हसली नाही. मीही मग हसलो नाही.

ही पन्नासची पेटी.
गोल नाक, तांब्याचं अखंड आवरण, स्वस्त.
ही कागदाला भोकं पाडायची.
अक्षर गिरवतो तशी गिरवायची,
मनगट ऐकेपर्यंत,
आवाजाआधीच डोळे मिटतात ते मिटायचे थांबेपर्यंत.

आणि ही विसाची.
पन्नासच्या भावात वीसच, हो.
टोक बघ. पोकळ आहे.
आत शिरली की
(इथं माझी जीभ नेहमी अडखळते,
तीस वर्षं विकतोय, दुसरा शब्द सापडला नाही)
उमलते.

"म्हणजे जास्त वाईट."
म्हणजे थांबते, मी म्हणालो. बहुधा.
साधी गोळी माणसातून आरपार जाते
आणि पुढे कोण आहे ते विचारत नाही.

तिनं एक काडतूस तळहातावर घेतलं,
वजन बघितलं, सुट्टे पैसे बघावेत तसं.
"आणि चुकली तर?"

चुकली तर दोघी सारख्याच.
प्लॅस्टरच्या भिंतीला काय कळतंय.

तिनं जुन्या पावतीच्या पाठीवर घर काढलं.
दार. बोळ. बोळाच्या टोकाला एक चौकोन,
चौकोनात लिहिलं: काझिमिर, नऊ वर्षं.
पेन तिथंच टेकवून ठेवलं.
शाई पसरत गेली.

मला बोलायचं बरंच होतं.
दोन्हींचं वजन एकच घे, एकशे चोवीस ग्रेन,
म्हणजे धक्का ओळखीचा राहील.
जादा दाबाची नको, मनगट अजून नवं आहे.
महागातली एक पेटी उडवून बघ आधी,
प्रत्येक पिस्तुलाला प्रत्येक गोळी पचत नाही.
हे सगळं मी बोललो, शाईकडे बघत.

चार पन्नासच्या घेतल्या, दोन विसाच्या.
थोडे पैसे नोटांत, बाकी क्वार्टरच्या नाण्यांच्या गुंडाळ्या,
यंत्रांतून काढलेल्या, अजून कोमट वाटल्या.
तसं वाटायचं काही कारण नव्हतं.

दहा दिवसांनी परत.
"सातवी अडकली. मग अकरावी."
मी दुसऱ्या बनावटीची पेटी समोर ठेवली, पैसे घेतले नाहीत.
"गोल नाकाच्या सगळ्या सुरळीत गेल्या," ती म्हणाली,
तक्रार केल्यासारखी.

दाराशी जाऊन थांबली.
"पलंग हलवला. विटांच्या भिंतीला लावलाय आता.
काझिमिर विचारत होता, का."
काय सांगितलंस?
"खिडकीतून वारा लागतो म्हटलं."
त्या भिंतीला खिडकी नाही,
हे तिनंच त्या पावतीवर काढलं होतं.

रात्री दुकान बंद करून घरी गेलो.
बायको झोपलेली, टीव्ही आवाज बंद करून चालू.
बोळात उभा राहिलो
आणि बोटाच्या पेरानं भिंत वाजवत गेलो,
टरबूज वाजवून बघतात तशी.

पोकळ.
पोकळ.
एक लाकडी खांब.
मग परत पोकळ,
थेट तिच्या उशीपर्यंत.