कूलर, डिसेंबरात

उन्हाळाभर घर गार ठेवणारा कूलर
मी अंगणात आडवा पाडला.
पंखा काढला, मोटर काढली,
वाळ्याच्या ताट्या सोलल्या.
त्यांना अजून मे महिन्याचा वास.

आतून थर्मोकोल, बोरकुट्यांच्या नव्या फ्रिजचं.
वरून प्लाय, कारण थर्मोकोल हे दोघं खातात.
(एकदा खाल्लं. चार दिवस मी त्यांची शी चिवडत होतो.)
दाराला सायकलच्या ट्यूबची झालर,
छताला सिरॅमिक हीटर, उजेड न पाडता तापणारा.
थर्मोस्टॅटसाठी सगळी सीताबर्डी हिंडलो.

तीस वर्षं कोराडीला बॉयलरवर काढली.
शहरभराची आग सांभाळली,
पण तीन बाय दोन फुटांची ऊब
जमवायला आठवडा लागला.

“माह्या गुडघ्यालेही लावा नं जी एखादा थर्मोस्टॅट,”
प्रमिला म्हणाली,
आणि जास्वंदीची पानं आत ठेवून आली.

रात्री तीनला पारा सातवर.
शाल गुंडाळून बॅटरी मारली.
कासवं हीटरखाली नव्हतीच,
लांबच्या कोपऱ्यात, भिंतीला नाक लावून.
हात घातला. आत अठ्ठावीस.
पुरे झालं म्हणून लांब गेली,
की त्यांना कळलंच नाही?

डॉक्टर म्हणाले, ही ऐंशी वर्षं जगतात.
मी सदुसष्ट.
नलूसाठी वहीत लिहून ठेवलंय:
फ्यूज कुठला, झालर कशी धुवायची,
मार्चमध्ये बाहेर कधी काढायचं.
आणि एप्रिलात आपण कशाखाली झोपायचं,
ते राहिलंय.

टक्. हीटर बंद झाला.
मी ओट्यावर बसून राहिलो,
तो पुन्हा लागेपर्यंत.