सातवी पायरी

तेरा पायऱ्या. सातवीवर ब्रॅकन थांबतो
आणि भिंत चाटतो.
आम्ही म्हणायचो, म्हातारा हट्टी झालाय.
परवा कंगवा कमरेला लागला
तर माझ्या मनगटावर दात टेकवले,
टेकवलेच फक्त.
मी ओरडले, "हाड!"
डंडीत राहून बावीस वर्षं झाली, तरी मराठीतच.

दवाखान्यात कत्रिओनाने मागचा पाय हलकेच दुमडला.
तो विव्हळला नाही.
जांभई दिली, ओठ चाटले,
मान वळवून खिडकीबाहेर
टे नदीकडे बघत राहिला.
"पाहिलंत?" ती म्हणाली.
मी काहीच पाहिलं नव्हतं.

मग एक्स-रे. खुब्यात झिजलेलं, पांढुरकं
हाड.

आज गादी खाली ओढून आणली.
रात्री दोनला त्याने कूस बदलली, अर्धीच.
दिवा लावला नाही मी,
नुसता कान लावला.