राहिला तरी चालतो

एकतीस वर्षं मी तो ठिपका काढत होतो
शून्य पॉइंट दोनच्या पेनाने,
बेलापूरच्या पुढे, खाडीच्या निळ्या पट्ट्यात,
तांदळाच्या कणीएवढा.
नाव नाही. सूचीत नुसतंच : तिवर, दलदल.
"राहिला तरी चालतो हो," वरिष्ठ म्हणायचे.
मी राहू दिला नाही. एकदाही.

निवृत्तीनंतर लेकीने अंदमानची जाहिरात धाडली,
पाच रात्री, सहा दिवस, काचेच्या तळाची होडी.
कुमुद म्हणाली, विमानात तुमचे कान दुखतात.
मी म्हटलं, बेटावरच जायचं ना?
आपल्याकडे एक आहे.

दिवाळ्याच्या जेटीवर हाशा कोळी हसला.
"तिकरं काय बघाचा हाय, काका? चिखोल नि डास."
तरी त्याने डिझेल भरलं,
कुमुदला हात देऊन फळीवरून आत घेतलं
आणि बर्फाच्या रिकाम्या खोक्यावर बसवलं,
पाहुणीला पाटावर बसवावं तसं.

फेब्रुवारी. सकाळचे सव्वासात. ओहोटी लागलेली.
पामबीचचे टॉवर मागे मागे सरकले
आणि एका वळणावर एवढेसे झाले
की माझ्या सहा इंची पट्टीत मावले असते.
मग इंजिन बंद.
उरला हाशाचा बांबू, आणि चिखलातून तो
उपसताना होणारा चुबुक् आवाज.

उतरलो तो गुडघाभर आत.
कुमुदची एक चप्पल बेटाने घेतली, ती घेतलीच.
आधी ती माझ्यावर चिडली,
मग दुसरीही काढून होडीत भिरकावली,
साडी खोचली आणि पुढे चालू लागली,
लग्नानंतर पहिल्यांदाच
रस्ता मला न विचारता.

तिवरांची मुळं वर टोक करून उभी,
कुणी हजारो पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी.
मधून निवट्या उड्या मारत होते,
मासा व्हावं की पाल, अजून न ठरलेले.
आणि ते खेकडे, एकच हात मोठा झालेले :
लाल हात हलवून सगळे आम्हाला बोलवत होते,
किंवा हाकलत असतील.
कुमुदनेही हात हलवला.
सगळे बिळात.
एक तेवढा बाहेर राहिला. तो आंधळा असावा,
नाहीतर आमच्या वयाचा.

रोहित पलीकडच्या चिखलावर होते.
मी त्यांना आयुष्यभर गुलाबी समजत आलो.
जवळून बहुतेक पांढरट, पिल्लं तर राखाडी,
डोकं उलटं करून जेवणारी, पंगतीत बोलतात तशी
सारखी काहीतरी बडबडणारी.
तेवढ्यात घार फिरली आणि सगळे उठले.
"अगो बाई," कुमुद म्हणाली,
"सगळा रंग अस्तराला!"
पंचवीस वर्षं ब्लाउज शिवलेत तिने,
तिला बरोबर दिसलं.

परतलो तर होडी चिखलात बसलेली,
पाणी दूर, चांदीच्या तारेएवढं.
"आता भरती येवंस्तवर बसा," हाशा म्हणाला
आणि टोपी तोंडावर घेऊन झोपला.
पाच तास.
तिखटामिठाच्या पुऱ्या संपल्या,
हाशाच्या डब्यातला सुका जवळा संपला,
लेकीचा फोन वाजून वाजून बॅटरी संपली.
मग आम्ही दोघं नुसते बसलो,
कुमुदच्या पायावरचा चिखल वाळून तडकेपर्यंत.

दुपारी कोल्हा आला.
कुत्रा नव्हे, कोल्हाच. कान मोठे, पाय काळे,
बिळं उकरत, चिंबोरी कुडकुडत फोडत.
थांबला. आमच्याकडे पाहिलं
अगदी वरिष्ठ पाहायचे तसं, चष्म्यावरून,
आणि निघून गेला.

परतताना मी मागे वळून नीट बघून घेतलं.
उत्तरेचं टोक चुकलंय माझं.
तिथे एक खाच आहे, एका होडीपुरती.
एकतीस वर्षं चुकलंय, आणि कुणी बोललं नाही.

रात्री कुमुद फोनवर :
हो गं, बेटावरच होतो.
कासवं नाहीत. काच नाही.
बाबा? बाबा काहीतरी काढत बसलेत.
ऐक, माझ्या मापाचे गमबूट मिळतात का बघ,
पाच नंबर,
आणि हो, एकच जोड नको, दोन.