अज्ञात इसमांकडून

माझं अक्षर चांगलं, म्हणून मला नेतात.
कॉरोनर प्रूइटला सही तेवढी जमते,
तीही जीभ बाहेर काढून.
एका मढ्यामागे त्याला दहा डॉलर, मला दीड,
आणि खेचराला वैरण, कुणी दिलीच तर.

आधी चौदा पंच गोळा करायचे.
कापूस वेचणीत माणूस मिळत नाही.
मग दुकानाच्या पायरीवरचे,
कुणाचा मेहुणा, कुणाचा धरून आणलेला पाहुणा,
एकदा तर खुद्द मयताचा सावकार.
सगळ्यांनी बायबलवर हात ठेवायचा, प्रेताकडे नीट बघायचं.
लोक टोपी काढतात,
आणि तीच टोपी नाकाला लावतात.

बारा वर्षं लिहितोय.
लेमन टार्प्ली, डुकराच्या कानावरच्या खुणेवरून
सख्ख्या भावाने. हत्यार कुऱ्हाड, किंमत पन्नास सेंट.
हत्याराची किंमत लिहावीच लागते.
लढाईआधी काही मेलेल्यांचीही लिहायचो,
त्याच ओळीत मालकाचं नाव,
मालकाचं नुकसान.
पिठाच्या पोत्यात एक दिवसाचं मूल. आई अज्ञात.
(आई तिसऱ्या बाकावर बसून भजन म्हणायची,
सबंध चर्चला ठाऊक होतं.)
‘देवाच्या करणीने’ हे शब्द फार उपयोगी.
दारूला चालतात, उपासमारीला चालतात,
चाबकानंतर तीन दिवसांनी आलेल्या तापालाही.

काल कॅटफिश ओढ्यापलीकडे
प्रायमस गॅड्सनला खाली उतरवलं.
मतदानाला दोन दिवस झाले होते.
दोर नवा होता. हे मी लिहिलं.
टेम्पी, त्याची बायको, रडत नव्हती,
घमेल्यात पाणी घेऊन एकेक जखम धूत होती
आणि मोठ्याने मोजत होती,
जणू मी वाणी आहे आणि ती यादी सांगते आहे.
सहा. सात. ही पाठीवरची, आठ.
मग तिने त्याची उजवी मूठ उघडली,
एकेक बोट सोडवत.

आत बोटभर पांढरी चिंधी.
पोत्याची. कडेला निळी शिवण.
तिने ती चौदा जणांसमोर धरली, एकेकासमोर,
आणि चौदाही जण
अचानक आभाळाकडे बघून पाऊस येईल का म्हणू लागले.
मग माझ्यासमोर.

तो निळा दोरा बाजारातला नव्हता.
घरी उकळलेली नीळ, जरा हिरवट झाक,
टाके बारीक, तिसरा टाका नेहमी उलटा.
माझ्या गळ्याची पट्टी त्याच दोऱ्याने शिवलेली आहे.
माझा मेव्हणा पंचांत सातवा उभा होता.

प्रूइट म्हणाला, लिही.
मी टाक बुडवला.
‘सदर इसम दोराने गळा आवळून
अज्ञात इसमांकडून मृत्यू पावला.’
हत्यार दोर, किंमत तीस सेंट.

टेम्पीला वाचता येत नाही.
पण तिची आठ वर्षांची पोर, नव्या शाळेत जाणारी,
माझ्या कोपराखालून वाकली
आणि बोट ठेवून वाचू लागली,
अ... ज्ञा... त...
सगळे ऐकत होते.
आई, अज्ञात म्हणजे काय?
टेम्पी घमेल्यातलं पाणी ओतत होती. तिने सांगितलं नाही.
चिंधी तिच्या ओचात गेली. तीही मी लिहिली नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवा लागला होता.
बायकोने कोट घेतला, उजेडात धरला,
बटण लोंबतंय म्हणाली, आणि सुईत दोरा ओवू लागली.
कुठला लावू? तिने विचारलं.
मी जेवायचं वाढ म्हणालो.