पासंग

पुस्तकात तराजू होता, पान एकेचाळीसवर,
पितळी, दोन्ही पारडी समान,
मधला काटा पहिल्या बाकावरच्या मुलासारखा ताठ.
खरा मागवून दोन वर्षं झाली होती.
ओरुरोच्या कचेरीतून दर वेळी तेच उत्तर:
प्रक्रियेत आहे.

म्हणून माझा कोट खुर्चीवर टाकला आणि त्याचा हँगर घेतला,
सार्डिनचे दोन रिकामे डबे, लामाच्या लोकरीचा दोरा,
आणि फळ्यावरच्या खिळ्याला सगळं टांगलं.
सतरा माना वर झाल्या.
तराजू डावीकडे कलला.
रिकामाच.

"हा खोटं बोलतोय, बाई," एउसेबिया म्हणाली.
तिची आई बाजारात लोकर विकते,
मापातलं पाप तिला घरबसल्या कळतं.
मी दोरा आखूड केला. कललेलाच.
हँगर वाकवला. आणखी कलला.
यावर पुस्तकात एक ओळ नव्हती.

तेव्हा सेवेरो उठला.
तिसरीत दुसऱ्यांदा बसलेला सेवेरो,
स्पॅनिशमध्ये विचारलं की बुटांकडे बघणारा;
आधीच्या गुरुजींनी ज्याच्याबद्दल मला जाता जाता सांगितलं होतं,
बाकीच्यांच्या पासंगाला पुरायचा नाही.
त्यानं स्वेटरचं वरचं बटण पिरगाळून तोडलं
आणि उजव्या डब्यात टाकलं.
टण्.

हँगर दोनदा डुलला,
मग थांबला,
खिडकीबाहेरच्या पठाराइतका सपाट.

खडे निवडायला अख्खी सकाळ गेली.
एका डब्यात एक, दुसऱ्यात दुसरा,
सारखे भरले तेवढेच ठेवायचे.
रुफिनोनं एक हट्टी खडा उंबऱ्यावर घासून घासून
बाकीच्यांत बसवला. नखं पांढरी झाली त्याची.
मग बटाटे: काळे, जांभळे, एक मांजराच्या नाकासारखा.
सेवेरोचा बटाटा अकरा खडे भरला.
अकरा, मी फळ्यावर लिहिलं.
तुन्का मायानी, तो आयमारात म्हणाला,
आणि त्या दिवसापासून फळ्यावर दोन रकाने झाले.

जून होता. रात्री बादलीतलं पाणी दगड व्हायचं.
शाळेमागच्या गवतावर बटाटे पसरले,
तीन रात्री गारठ्याखाली, तीन दिवस उन्हाखाली.
चौथ्या दिवशी बूट काढून आम्ही ते तुडवले.
मी शहरातली, मला वाटलं पाय सुन्न होतील;
झालेच.
मुलं माझ्याकडे बघून हसली,
आणि ज्याच्या घरी आजी जसं तुडवते तसं
प्रत्येकानं मला वेगळं शिकवलं.
पुढे पंधरा दिवस नुसतं वाळणं.
चुन्यो तयार, खडूसारखा हलका.

परत तोललं. अकराचे दोन.

नऊ खडे गेले कुठे?
"रात्रीनं खाल्ले." "कुत्र्यानं." "सूर्यानं, पण थोडेच."
एउसेबिया म्हणाली, तराजू बिघडला;
तपासला, बटणासकट, बिघडला नव्हता.
सेवेरो बराच वेळ काही बोलला नाही.
मग पाय पुढे करून टाचेवर हात फिरवला
(त्या दिवशी ओली झालेली टाच, आता भेगाळलेली)
आणि बोट हळूहळू वर नेलं,
टाचेकडून छताच्या पत्र्याकडे,
पत्र्यापलीकडे.
कुणी त्याला स्पॅनिशमध्ये सांग म्हटलं नाही.
मीही नाही.

ऑगस्टच्या शेवटी पेटी आली, सरकारी शिक्क्याची,
भुश्यात गुंडाळलेला पितळी तराजू,
हुबेहूब पान एकेचाळीस.
सगळ्यांनी हात लावून घेतला. गार होता.
"पण यात बटण कुठे टाकायचं?" रुफिनोनं विचारलं.

मी काहीतरी सांगायला लागले.
तोवर सेवेरोनं दांडीच्या टोकाशी नाक नेलं होतं,
गळ्याशी स्वेटर अजून उघडाच.
तिथे एक इवलासा स्क्रू होता,
आत-बाहेर फिरणारा.
त्यानं तो अर्धा वेढा फिरवला,
काटा हलला,
आणि त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं कुणी चोर पकडून दिल्यावर पाहतं.