शेर्को नव्या पोराला गाडी धुवायला शिकवतो
(हॅलिफॅक्स, यॉर्कशर)

फडकं असं धर, पिळून, चौघडी करून.
आणि रेबीन, पत्र्यावर जाऊ नकोस,
पत्रा खोटं बोलतो.
दार उघड, पायाखालची चटई उचल,
मग कळतं कोण आलंय.

ती काळी जर्मन, भांग पाडावा इतकी लखलखीत,
दर शुक्रवारी येते. डॅरिलची.
म्हणजे बँकेची, डॅरिल नुसता हप्ते भरतो.
सीटखाली सापडतील पेट्रोलच्या पावत्या,
दहा पौंडांच्या वर एकही नाही.
नाकापेक्षा मोती जड.
पण हसायचं नाही. टीप तोच देतो,
काच अर्धीच खाली करून, दोन पौंड,
दुसरीकडे बघत.

आणि ती हिरवी, चिखलानं लिंपलेली,
मागचा दिवा चिकटपट्टीनं धरलेला,
आत ओला कुत्रा, गवत, घोड्याचं खोगीर,
ती मिसेस ओल्डरॉइडची.
टेकडीपलीकडचं रान तिच्या पणज्यापासून तिचं.
वर्षातून एकदा येते, घरात लग्न असलं की,
आणि बजावते, फार चकचकीत नको हं.
चकचकीत हा शब्द ती असा काढते तोंडातून
जसा घासातून केस.
माणसाकडे केवढं असावं लागतं, पोरा,
घाण परवडायला.

एक जण नंबरपाटीवर स्वतःचं नाव घेऊन फिरतो,
एस मिळाला नाही म्हणून पाचाचा आकडा.
विजेच्या गाडीवाला मास्तर आपणहून सांगतो,
बायकोची आहे, मी सायकलवालाच.
कुणी विचारलं होतं?

मी पाच वर्षं शोधत होतो
एखादी गाडी, जी काहीच बोलत नाही.
पांढरी व्हॅन? ती तर ओरडते.
टॅक्सी मागच्या सीटवर बसलेल्याचं बोलते.
मला वाटलं, मयताची गाडी तरी गप्प असेल.
सोमवारी येते, मीच धुतो.
पण काचेतून दिसतात ना पेटीच्या कड्या,
पितळेच्या की प्लॅस्टिकच्या.

मग ग्लेनिस आली.
बुटकी राखाडी गाडी, छपरावर पाटी,
पुढेमागे लाल एल.
आत काय शोधणार? ना पावती, ना कुत्रा.
फक्त स्टिअरिंगचं कातडं दोन जागी सोललेलं,
जिथे घाबरलेले हात धरतात.
डॉक्टरीणबाईचा मुलगा,
बेकरीत रात्रपाळी करणारी रासा,
साठीत नवरा गेल्यावर शिकायला निघालेली कुणी म्हातारी,
सगळ्यांचा घाम त्याच दोन जागी.
फडक्यावर एकाच रंगाचा येतो, बघ तू.

माझाही आहे त्यात.
सुलेमानीत बारा वर्षं पाण्याचा टँकर हाकला मी,
इथे तो कागद चालत नाही.
पहिल्याच आठवड्यात, चढावर, सिग्नलला, इंजिन बंद.
एकदा. दोनदा.
आरशात पाहिलं तर मागे काळी जर्मन.
म्हटलं, आता वाजवतो हॉर्न.
नाही वाजवला.
स्टिअरिंगवरून चार बोटं उचलली त्यानं,
सावकाश, अशी.
ओळखलं नव्हतं मला. अंगात रबरी कोट नव्हता,
हातात पाण्याची नळी नव्हती.
शुक्रवारी आला तेव्हा मीही बोललो नाही.

तर ती राखाडी आली की मला हाक मार,
मी नसलो तर तूच कर.
पैसे घेऊ नकोस. ती ऐकणार नाही,
वायपरखाली ठेवून जाईल.
डाव्या बाजूला तिच्या पायाशी
एक जास्तीचा ब्रेक आहे,
त्याचं रबर ड्रायव्हरच्या ब्रेकपेक्षा जास्त झिजलंय.
त्याच्या खाचेत वाळू बसते,
मशीननं निघत नाही,
नखानं काढ.

आणि गुरुवारी दुपारी मी नाही.
कुणी विचारलं तर सांग, दाताच्या डॉक्टरकडे गेलाय.
तिसऱ्यांदा.